कटारिना विट आणि तिचा तो सातवा नंबर

ऋता_ज

हिवाळी ऑलिम्पिकचा विषय निघाला की फिगर स्केटिंगवर गप्पा होतातच, आणि जर्मन स्केटर म्हटलं की कटारिना विटचं नाव येतंच. पण तिच्याबद्दल जे लिहिलं जातं ते ठरलेलं असतं, दोन सुवर्णपदकं, कार्मेन ऑपेराच्या संगीतावरचं ते स्केटिंग, दिसायला किती सुंदर, झालं. मला तिच्याबद्दल जरा वेगळं म्हणायचंय म्हणून सविस्तर धागा काढतेय. माझ्या मते तिची सगळ्यात मोठी कामगिरी ना १९८४ च्या साराएवोची ना १९८८ च्या कॅल्गरीची, ती १९९४ ची लिलेहामरची, जिथे ती सातवी आली. पण ते पटवून द्यायचं तर आधी मागचं सगळं सांगावं लागेल, तेव्हा थोडा धीर धरा.

जन्म ३ डिसेंबर १९६५ चा, बर्लिनला खेटून असलेल्या श्टाकेनचा, आणि वाढली ती कार्ल-मार्क्स-श्टाटमध्ये, म्हणजे आजचं केम्निट्झ. तेव्हाचा पूर्व जर्मनी. वडील शेतीच्या कामात, आई फिजिओथेरपिस्ट. पाच वर्षांची असताना बर्फावर उतरली ती हट्ट करून, कारण बालवाडीच्या वाटेवरच रिंक होती. पुढे मुलांच्या क्रीडाशाळेत गेली आणि युट्टा म्युलरच्या हाताखाली आली. इथून खरी गोष्ट सुरू होते.

म्युलर बाई म्हणजे काय चीज होती ते सांगायलाच हवं. १९४९ मध्ये त्या स्वतः पूर्वेकडच्या जोडी स्पर्धेत जिंकल्या होत्या, आणि जोडीदारसुद्धा बाईच होती, युद्धानंतर पुरुष स्केटर मिळतच नव्हते म्हणून! मग कोच झाल्या. पोटची मुलगी गाबी झायफर्ट १९६९ आणि १९७० ची विश्वविजेती, यान हॉफमन विश्वविजेता, आनेट प्योट्श १९८० ची ऑलिम्पिक विजेती, सगळे त्यांचेच चेले. (हीच आनेट पुढे कटारिनाच्या भावाशी लग्न करून तिची वहिनी झाली.) युरोपियन, वर्ल्ड आणि ऑलिम्पिक धरून त्यांच्या स्केटर्सनी ५७ पदकं आणली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्या वारल्या, ९४ वर्षांच्या होत्या. शिस्त अशी की केस, मेकअप, हात कुठे, हनुवटी किती वर, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे कसं बघायचं, सगळं त्या ठरवणार. कटारिनाकडे उड्यांची ताकद होतीच पण प्रेक्षकाला आपल्याकडे बघायला लावणं हे जे तिचं म्हणतात ते काही आकाशातून पडलेलं नाही, रोज घोटून घेतलेलं आहे.

१९८३ ते १९८८ सलग सहा वेळा युरोपियन विजेती. वर्ल्ड चार वेळा, १९८४, ८५, ८७, ८८. ऑलिम्पिक दोनदा. महिला एकेरीत ऑलिम्पिक सुवर्ण राखणारी नॉर्वेच्या सोन्या हेनीनंतर हीच एक, आणि त्यानंतर आजतागायत कोणीच नाही.

मंदार_कर्वेरोड

मस्त धागा! मी फक्त कार्मेनचे व्हिडिओ बघितलेत. एक शंका, तेव्हा कंपल्सरी फिगर्स नावाचं काहीतरी असायचं ना? आणि त्याला म्हणे खूप मार्क असायचे. ते नेमकं काय?

ऋता_ज

@मंदार, बरं विचारलंस, कारण ते कळल्याशिवाय विट कळत नाही.

कोऱ्या बर्फाचा एक तुकडा देतात. संगीत नाही, झगमग ड्रेस नाही, प्रेक्षक जवळजवळ नाहीतच. स्केटर एका पायावर ढकलून निघते आणि बर्फावर आठचा आकार काढते, प्रत्येक वर्तुळाचा व्यास तिच्या उंचीच्या साधारण तिप्पट. मग त्याच रेषेवरून पुन्हा, आणि पुन्हा. ब्लेडला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात, आणि रेषा एकाच कडेवर उमटायला हवी. जरा वजन मधे आलं की दोन समांतर रेषा दिसतात आणि लबाडी उघडी पडते. वळण जिथे घेतलं ती खूणही दरवेळी एकावर एक यायला हवी. तिचं झालं की परीक्षक बर्फावर येतात, वाकून, काही तर उकिडवे बसून त्या रेषा तपासतात. ती बाजूला उभी. स्केटिंग संपलेलं असतं आणि मार्क चाललेले असतात तिच्या मागे राहिलेल्या ओरखड्याला.

१९६८ पर्यंत एकूण गुणांत याचा वाटा ६० टक्के होता! ८४ आणि ८८ ला ३० टक्के, शॉर्ट प्रोग्रॅम (ठरवून दिलेल्या उड्यांचा छोटा भाग) २० आणि फ्री स्केट (स्वतः बसवलेला लांब भाग) ५०. १९९० नंतर फिगर्स बंदच झाल्या. विट दोन्ही ऑलिम्पिकला फिगर्समध्ये तिसरी होती. पहिली नाही पण तिसरी, म्हणजे इतकी जवळ की पुढे शॉर्ट आणि फ्रीमध्ये हिशेब चुकता करता येईल. तिच्या दोन्ही सुवर्णांचा पाया या कंटाळवाण्या तासांत आहे आणि कोणी त्याचं नाव घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

सुलभा_नाशिक

ऋता छान लिहितेयस गं. पण मला जरा वेगळं वाटतं. या फिगर्सपायी किती मुलींवर अन्याय झाला ते पण लिही. कॅल्गरीला जपानची मिडोरी इतो, फ्रीमध्ये सात ट्रिपल (हवेत तीन गिरक्यांच्या उड्या) मारले पोरीने, अख्खं स्टेडियम उभं राहिलं, आणि एकूण नंबर पाचवा, का तर फिगर्समध्ये दहावी. आणि १९७२ ला ऑस्ट्रियाची त्रिक्सी शुबा फ्रीमध्ये सातवी असून सुवर्ण घेऊन गेली, फिगर्सच्या जोरावर. मग लोक टीव्हीवर बघणार काय आणि निकाल लागणार काय!

आणि खरं सांगायचं तर कॅल्गरीच्या त्या रात्री सगळ्यात चांगली स्केटिंग केली ती कॅनडाच्या एलिझाबेथ मॅनलीने. फ्रीमध्ये ती पहिली होती, विट दुसरी. तेव्हा कार्मेन कार्मेन म्हणून किती दिवस नाचायचं?

ऋता_ज

सुलभाताई, मॅनलीबद्दल शंभर टक्के मान्य. ती फ्री स्केट बघताना आजही अंगावर काटा येतो, घरच्या प्रेक्षकांसमोर, पदकाच्या चर्चेत फारसं कोणी धरलेलं नव्हतं आणि ती रौप्य घेऊन गेली.

पण कॅल्गरीत विटने काय केलं तेही बघा. फ्रीच्या आधी अमेरिकेची डेबी थॉमस पुढे होती, विट मागे. दोघींचं संगीत कार्मेन, म्हणून तर पेपरवाल्यांनी कार्मेनची लढाई करून टाकली होती. विट आधी उतरली. तिने ठरवलेला ट्रिपल लूप डबल केला, चार ट्रिपल नीट उतरवले, आणि बाकीचा वेळ ती कार्मेन झाली. मधे एक लांब भाग आहे जिथे ती उडी मारतच नाही, जागच्या जागी फक्त मान, खांदे, नजर. आजच्या नियमात असा वेळ घालवणं परवडणारच नाही. शेवटी ती बर्फावर पडते आणि कार्मेन मरते. डेबीसाठी दार उघडंच होतं. डेबी सर्वात शेवटी आली, पहिलीच उडी ट्रिपल ट्रिपल, ती दोन पायांवर उतरली, आणि तिथेच तिचं मन गेलं ते दिसतं चेहऱ्यावर. कांस्य मिळालं.

प्राजू_बॉस्टन

डेबी थॉमसचं नाव निघालंय तर लिहिते. इकडे अमेरिकेत तिची आठवण "कॅल्गरीत हरलेली" अशी काढतात ते मला बिलकुल आवडत नाही. स्टॅनफर्डला शिकत असताना ती १९८६ ची वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेही विटला हरवून, आणि हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू तीच. पुढे ऑर्थोपेडिक सर्जन झाली. एकीकडे एक अख्खं सरकार मागे उभं असलेली विट, दुसरीकडे कॉलेजचा अभ्यास सांभाळून स्केटिंग करणारी मुलगी. ही तुलना बरोबरीची नव्हती एवढंच म्हणायचंय.

मिहिर७७

प्राजूताईंनी मुद्द्याला हात घातला. मला विटचं हे कौतुक नेहमी खटकतं. पूर्व जर्मनीत साध्या माणसाला ट्राबांट गाडीसाठी दहा दहा वर्षं आणि जास्तही थांबावं लागायचं, परदेशी जायचं तर नावच काढू नका, बर्लिनची भिंत ओलांडायला गेलेल्यांना गोळ्या घातल्या. आणि हिला गाडी, फ्लॅट, जगभर प्रवास. "समाजवादाचा सर्वात सुंदर चेहरा" म्हणून मिरवली. १९८८ मध्ये पूर्व बर्लिनच्या वाइसेनझेला ब्रायन अ‍ॅडम्सची मैफल होती तिथे ही निवेदन करायला उभी राहिली तर तिच्याच देशातल्या तरुणांनी हुर्यो उडवली तिची. ते तरुण मूर्ख होते का? त्यांना दिसत होतं की ही कोणाची आहे ते. खेळाडू म्हणून महान असेल, पण तिला बिचारी वगैरे करू नका.

केम्निट्झवासी

मी शिक्षणासाठी आलो आणि इथेच राहिलो, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय. क्युशवाल्ड म्हणजे गावातलंच जंगल आहे, त्याच्या कडेला ती रिंक, आजही तिथे पोरं शिकतात. हिवाळ्यात सकाळी गेलात तर दारातच ओल्या हातमोज्यांचा वास, बाकड्यावर आया पोरांच्या बुटांच्या नाड्या खच्चून ओढून बांधतायत, कारण घोटा हलला तर कड धरता येत नाही. आणि बर्फावर पाच सहा वर्षांच्या मुली एका पायावर वर्तुळं काढतायत. फिगर्स स्पर्धेतून गेल्या तरी कडा शिकवायला तेच करतात. ऋताताईंनी ते रेषांचं लिहिलंय ते वाचून मला तेच आठवलं.

विटबद्दल इथल्या जुन्या माणसांना विचारलं की दोन तऱ्हा. काही जण अजून "आमची काती" म्हणतात, डोळे चमकतात, कारण त्या देशात अभिमान वाटावा असं टीव्हीवर जे काही थोडं होतं त्यात ती होती. काही जण विषय बदलतात. माझ्या घरमालकीणबाई म्हणतात, ती घासून काम करायची ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, पण ती परत यायची तेव्हा सूटकेसमध्ये काय काय असायचं तेही आम्हाला माहीत होतं. दोन्ही वाक्यं एका दमात बोलतात.

आणि एक, हे गाव फक्त विटचं नाही. मँडी व्योट्झेल आणि इंगो श्टॉयर १९९७ चे जोडीतले विश्वविजेते इथलेच. पुढे श्टॉयर कोच झाला आणि युक्रेनहून आलेली अल्योना साव्चेन्को आणि रॉबिन झोल्कोवी ही जोडी त्याने घडवली, पाच वेळा वर्ल्ड. तोच श्टॉयर श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, खबऱ्या होता हे २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकच्या तोंडावर बाहेर आलं, त्याला संघातून काढायचा प्रयत्न झाला आणि तो कोर्टात जाऊन तुरिनला गेला. म्हणजे भिंत पडून सोळा वर्षं झाली तरी ती इथल्या बर्फावरून गेलेली नव्हती.

ऋता_ज

@केम्निट्झवासी, काय सुंदर लिहिलंत, असे प्रतिसाद आले की धागा काढल्याचं सार्थक होतं.

@मिहिरदादा, तुमचा राग मला समजतो आणि हुर्यो उडवणाऱ्यांना मी अजिबात मूर्ख म्हणणार नाही. तिला जे मिळालं ते बाकीच्यांना नाकारलेलं होतं. पण त्याच सरकारने तिच्या मागे श्टाझी लावली होती हे पण धरा की हिशेबात. ती सात आठ वर्षांची असल्यापासूनच्या नोंदी, हजारो पानं. भिंत पडल्यावर तिने स्वतःची फाइल वाचली तेव्हा कळलं की कोण कोण मित्र म्हणवणारे खबरी देत होते, कोणाशी प्रेम जमतंय, कधी घरी आली, कधी झोपली इथपर्यंत. गाडी द्यायची आणि घरात कान पण लावायचे. पळून जाऊ नये म्हणून जपायचं आणि जपतोय म्हणून पाळत ठेवायची. हे दोन्ही एकच माणूस एकाच वेळी भोगत होता, लाभ पण आणि कैद पण. त्यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही.

आणि तिने काही बंड केलं नाही हे खरं, ती ते लपवत पण नाही. ज्या देशाने मला शिकवलं त्याबद्दल मी कृतज्ञ आहे असं ती भिंत पडल्यावरही म्हणत राहिली, जेव्हा असं म्हणणं सोयीचं अजिबात नव्हतं. पटो न पटो, वारं फिरलं की टोपी फिरवणारी ती नाही.

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये तिला हॉलिडे ऑन आइसमध्ये व्यावसायिक म्हणून उतरायची परवानगी मिळाली. मग ब्रायन बॉइटानो आणि ब्रायन ऑर्सर या स्केटर्सबरोबर कार्मेनवर स्केटिंगची फिल्म केली, तिघांना एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. भिंत पडली तेव्हा ती त्याच कामासाठी स्पेनमध्ये सेव्हिलला होती. म्हणजे ज्या देशाचा ती चेहरा होती तो कोसळला तेव्हा ती तिथे नव्हतीच. पुढे अमेरिकेत टूर, पैसा, नाव, सगळं झालं.

आता लिलेहामर.

१९९४ ला ती २८ वर्षांची. सहा वर्षं स्पर्धा नाही. मधल्या काळात स्पर्धा कुठल्या कुठे गेलेली, फिगर्स बंद, सगळा भर ट्रिपल उड्यांवर, समोर सोळा सतरा वर्षांच्या पोरी. तिच्याकडे त्या उड्या नव्हत्या आणि तिला ते पक्कं माहीत होतं. तरी ती परत युट्टा म्युलरकडे गेली, आता एकत्र जर्मनीची स्केटर म्हणून. जर्मन राष्ट्रीय स्पर्धेत तान्या शेव्चेन्कोच्या मागे दुसरी, युरोपियनला आठवी. जी बाई सहा वर्षं सलग युरोपियन जिंकली ती तिथेच आठवी येते आणि तरी पुढच्या महिन्यात ऑलिम्पिकला जाते, याला काय म्हणायचं? दोन सुवर्णपदकं आधीच घरात असताना हरायला जाणं सोपं नसतं.

ती गेली कारण तिला काहीतरी म्हणायचं होतं. फ्री स्केटचं संगीत होतं "ती फुलं गेली कुठे" या युद्धविरोधी गाण्याचं, आणि ते तिने साराएवोला वाहिलं होतं. साराएवो म्हणजे बोस्नियातलं ते शहर जिथे १८ वर्षांची असताना तिने अमेरिकेच्या रोझलिन समनर्सला जेमतेम फरकाने हरवून पहिलं सुवर्ण घेतलं, ते झेत्रा स्टेडियम. १९९२ पासून शहराला वेढा पडलेला, झेत्रावर तोफगोळे पडून छप्पर गेलं, तळघरात शवागार, आतल्या लाकडी खुर्च्यांच्या शवपेट्या केल्या, आणि बाहेरच्या मैदानात कबरी. लिलेहामरच्या उद्घाटनाच्या आठवडाभर आधी, ५ फेब्रुवारीला, साराएवोच्या मार्काले बाजारात गोळा पडून ६८ माणसं मेली. जग मात्र नॅन्सी केरिगन आणि टोन्या हार्डिंग या अमेरिकन स्केटर्सचं भांडण बघत होतं.

त्यात ही लाल ड्रेसमध्ये उतरते. उड्या सोप्या, त्यातही चुका. पण सुरुवातीला ती हात वर नेते ना, त्यात ते कॅल्गरीचं मिरवणं औषधालाही नाही. कार्मेनमध्ये ती परीक्षकांच्या डोळ्यात डोळे घालून जायची, इथे ती बहुतेक वेळ वरच्या अंधाराकडे किंवा बर्फाकडे बघते. म्युलरने घोटून घेतलेली प्रत्येक गोष्ट आहे, हनुवटी, बोटं, थांबणं, पण पहिल्यांदा ते सगळं जिंकण्यासाठी वापरलेलं नाही. लहानपणापासून तिला शिकवलं होतं की तू देशासाठी जिंकायचंस. तो देश उरला नाही. मग ती एका दुसऱ्याच, जळणाऱ्या शहरासाठी स्केटिंग करून गेली, जिथून तिचं सगळं सुरू झालं होतं. सुवर्ण युक्रेनच्या ओक्साना बायुलला, केरिगन रौप्य, चेन लू कांस्य. तान्या सहावी, विट सातवी.

मिहिरदादा, तुम्ही विचारलंत ना ती कोणाची. माझ्या मते त्या चार मिनिटांत ती पहिल्यांदा कोणाचीच नव्हती.

मिहिर७७

व्हिडिओ बघितला आत्ता. गाडी फ्लॅटबद्दलचं माझं मत तेच आहे. पण साराएवोचं मला माहीत नव्हतं, आणि हे माहीत असून बघितलं की वेगळंच दिसतं हे कबूल. घरात सगळ्यांना दाखवला. तरीपण ८४ ला भर दबावात घेतलेलं सुवर्ण हे खेळ म्हणून मोठं, समनर्सने शेवटच्या दोन उड्या सोप्या केल्या तिथे ती हरली, विटने केल्या नाहीत. सातव्या नंबराला त्याच्यावर ठेवणं मला अजून जड जातंय.

प्राजू_बॉस्टन

ऋता +१. आणि तिच्या कपड्यांवरून काय गदारोळ झाला होता तेही सांग ना, ८८ च्या शॉर्टमध्ये पिसांचा तोकडा निळा ड्रेस घातला म्हणून नंतर नियमच आला की स्कर्टने कंबर आणि मागचा भाग झाकलाच पाहिजे. बायकांना पँट घालून स्पर्धेत उतरायला २००४ उजाडावं लागलं! एका ड्रेसवरून सगळ्याच मुलींना बांधून टाकलं.

सुलभा_नाशिक

मला एक सांग ऋता, ही तर प्रोफेशनल झाली होती ना, शो वगैरे करून पैसे घेतले, मग ९४ ला ऑलिम्पिकला कशी काय चालली? आमच्या आठवणीत तर एकदा प्रोफेशनल झालं की दार बंद असायचं.

ऋता_ज

सुलभाताई, दार बंदच असायचं, ते तेव्हा उघडलं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने त्या सुमारास व्यावसायिकांना अर्ज करून पुन्हा हौशी म्हणून परतायची मुभा दिली. शिवाय हिवाळी ऑलिम्पिक उन्हाळीपासून वेगळं करायचं ठरल्यामुळे १९९२ नंतर चारऐवजी दोनच वर्षांनी लिलेहामर आलं, त्यामुळे थांबायला फार लागणार नव्हतं. म्हणून त्या वर्षी एवढी जुनी मंडळी दिसतात. बॉइटानो आला, सहावा. युक्रेनचा पेत्रेन्को चौथा. टॉर्विल आणि डीन ही ब्रिटिश जोडी, ज्यांनी विटच्याच साराएवोत आइस डान्सचं सुवर्ण घेतलं होतं, ते कांस्य घेऊन गेले. सुवर्ण परत जिंकलं ते फक्त गोर्देयेवा आणि ग्रिन्कोव या रशियन जोडीने. त्यांच्यावर वेगळा धागा काढावा लागेल, वेळ मिळाला की काढते.